सुटं चॅनेल की पॅक? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टीव्हीच्या रिचार्जबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उदाहरणांतल्या चॅनेलच्या किमती हिशेब कळावा म्हणून धरलेल्या आहेत. चालू किंमत तुमच्या बॉक्सच्या गाइडमध्ये चॅनेलच्या नावापुढे दिसते. ती दाखवणं कंपनीवर बंधनकारक आहे. अनेक बॉक्सवर ९९९ नंबरच्या चॅनेलवरही दरांची माहिती मिळते.

प्रश्न : केबलचं बिल महिन्याला ३५४ रुपये येतं. घरात बघितली जातात ती सात-आठ चॅनेल. सासूबाईंच्या मालिका, मुलांचं कार्टून, ह्यांच्या बातम्या, बास. सुटी चॅनेल घेतली तर खरंच किती वाचतील? की पॅकच स्वस्त पडतं? (गृहिणी, राजारामपुरी)

आधी बिलातला कर बाजूला काढा. ३५४ ला १.१८ ने भागा. ३०० आले. म्हणजे ५४ रुपये जीएसटी. उरलेल्या तीनशेत दोन गोष्टी आहेत. एक, नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. तुमच्या घरापर्यंत सिग्नल पोचवण्याचं हे भाडं. दोन, चॅनेलची किंमत. तुमच्या बिलात एनसीएफ १३० असेल तर चॅनेलचे १७० होतात. हे दोन आकडे वेगळे लिहून देत नसतील तर आधी तेच मागा, त्याशिवाय पुढचा हिशेब होत नाही.

एनसीएफ सुटत नाही. एकही पैशाचं चॅनेल घेतलं नाही, नुसती मोफत चॅनेल ठेवली, तरी १३० अधिक कर मिळून १५३ रुपये ४० पैसे द्यावे लागतील. चॅनेल निम्मी केली म्हणून बिल निम्मं होत नाही, ते यामुळे. बऱ्याच जणांची निराशा इथेच होते.

आता यादी. आठवडाभर रिमोटजवळ एक कागद ठेवा आणि जे चॅनेल अर्धा तास तरी लागलं त्याचं नाव लिहा. 'आपण काय बघतो' असं विचारून यादी करू नका. विचारलं की प्रत्येक जण दोन नावं जास्तीच सांगतो. यादी झाली की मोफत चॅनेलवर रेघ मारा. दूरदर्शन सह्याद्री, एबीपी माझा, साम अशी चॅनेल मोफत गटात येतात, ती एनसीएफमध्येच बसतात. उरलेल्या नावांपुढे कंपनीचा समूह लिहा. झी मराठी आणि झी टॉकीज एका घरातली, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एका घरातली. पॅकचा फायदा-तोटा समूहानुसार ठरतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

समजा, एका समूहाची तुम्हाला दोन चॅनेल हवीत : मालिकांचं १९ रुपयांचं आणि सिनेमाचं १० रुपयांचं. झाले २९. त्या समूहाच्या मराठी पॅकमध्ये आठ चॅनेल आहेत, त्यांची सुटी बेरीज ६० आणि पॅकची किंमत ३३. इथे सुटं घेतलेलं बरं. पण त्याच समूहाचं ६ रुपयांचं तिसरं चॅनेल हवं असेल तर बेरीज ३५ होते आणि ३३ चा पॅक स्वस्त ठरतो, वर पाच चॅनेल आयती मिळतात. दुसऱ्या समूहाचं एकच १५ चं चॅनेल हवं आणि पॅक २५ चा, तर सुटं. कार्टूनचं ६ रुपयांचं एक, तेही सुटं.

एकूण २९ + १५ + ६ = ५०. त्यात एनसीएफ १३० मिळवले की १८०, आणि कर धरून २१२ रुपये ४० पैसे. आजच्यापेक्षा १४१ रुपये ६० पैसे कमी. टीव्हीचा महिना तीस दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात बारा नाही, बारापेक्षा थोडे जास्त रिचार्ज होतात. वर्षाची बचत साधारण १,७२० रुपये.

पॅकमधली सूट कितीही असू शकत नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चॅनेल कंपनी सुट्या किमतींच्या बेरजेवर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देऊ शकते. म्हणजे पॅकची किंमत बेरजेच्या ५५ टक्क्यांखाली जात नाही. पत्र्याच्या डब्यात ठेवावा असा आकडा आहे हा. तुमच्या पसंतीच्या चॅनेलची बेरीज पॅकमधल्या सगळ्यांच्या बेरजेच्या ५५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सुटं घेण्यात तोटा होत नाही. त्याहून जास्त असेल तर पॅकची किंमत बघूनच ठरवा. दुसरी अट अशी की, १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये घालताच येत नाही. लोकप्रिय चॅनेलच्या किमती नेमक्या १९ वर येऊन का थांबतात, त्याचं उत्तर या अटीत आहे.

शेवटचं एक तपासा, कारण हिशेब इथेच उलटा पडू शकतो. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे या क्षेत्राचे नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, एनसीएफवरची कमाल मर्यादा काढून टाकली. आता केबल किंवा डीटीएच कंपनी वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना वेगळी एनसीएफ लावू शकते, फक्त ती जाहीर करावी लागते. कंपनीला स्वतः बांधलेल्या पॅकवरही आता ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. आधी ही मर्यादा १५ टक्के होती. त्यामुळे 'पॅक घेतला तर एनसीएफ किती, सुटी चॅनेल घेतली तर किती?' हा प्रश्न स्पष्ट विचारा. सुट्यावर जास्त एनसीएफ लागत असेल तर चॅनेलमध्ये वाचवलेलं तिकडे जातं.

आमचं मत विचाराल तर, सगळं सुटं किंवा सगळं पॅक हे दोन्ही क्वचितच बरोबर असतं. एका समूहाचा मराठी पॅक, दोन-तीन सुटी चॅनेल आणि बाकी मोफत, असं मिश्रण बहुतेक घरांना परवडतं.

प्रश्न : केबलवाले म्हणतात, 'सुटं मिळत नाही, पॅकच घ्यावा लागतो.' डीटीएचलाच मिळतं म्हणे. खरं का? (निवृत्त शिक्षक, कसबा बावडा)

नाही. पैशाचं प्रत्येक चॅनेल सुटं मिळालंच पाहिजे, केबलवर आणि डीटीएचवरही. ट्रायच्या २०१७ च्या दर आदेशातली ही मूळ अट आहे. ती प्रत्यक्षात २०१९ च्या सुरुवातीला लागू झाली आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांत टिकली.

मग ते असं का म्हणतात? पॅक चालू करणं एका नोंदीचं काम. सुट्या वीस चॅनेलच्या वीस नोंदी, आणि एक चुकली की ग्राहकाचा फोन. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. दुसरं असं की, गल्लीतला ऑपरेटर आणि त्याला सिग्नल देणारी मोठी कंपनी, म्हणजे एमएसओ, हे वेगळे. चॅनेल चालू-बंद होतं ते एमएसओच्या यंत्रणेतून. त्यामुळे ऑपरेटरने नकार दिला म्हणून काम अडत नाही.

बॉक्सच्या मागचा किंवा स्क्रीनच्या मेनूतला बॉक्स नंबर उतरवून घ्या. काहींवर कार्डाचा वेगळा नंबरही असतो. हव्या असलेल्या चॅनेलची नावं आणि त्यांचे तुमच्या बॉक्सवरचे नंबर लिहा. नाव नुसतं लिहिलं की एचडी आणि साध्याची गफलत होते. 'चालू पॅक बंद करून खालील चॅनेल चालू करावीत, तारीख अमुक' असा मेसेज ऑपरेटरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे लेखी पुरावा राहतो. 'पॅक बंद करून' हे शब्द विसरू नका. नाहीतर पॅक तसाच राहतो, सुटी चॅनेल वर चढतात आणि बिल वाढतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

दोन-तीन दिवसांत झालं नाही तर एमएसओच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यानंतर त्यांचा नोडल अधिकारी; त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असावा लागतो. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार करून उपयोग नाही. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही. नोडल अधिकाऱ्यानेही दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही आणि ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. प्रकरण तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, तक्रार क्रमांक हातात असला की पुष्कळदा काम होतं.

प्रश्न : आम्ही गगनबावड्याकडे राहतो. महिन्याचा रिचार्ज बंद करून फ्री डिश बसवावी म्हणतोय. पावसाळ्यात चालेल का? आणि जुनी डीटीएचची छत्री तीच वापरता येईल का? (शेतकरी वाचक, गगनबावडा तालुका)

पहिल्यांदा चॅनेलचं बोलू. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. तिला एनसीएफ नाही, रिचार्ज नाही. बॉक्स, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि मजुरी मिळून एकदाच साधारण दीड ते अडीच हजार लागतात. पण मोठ्या समूहांची मालिकांची मुख्य मराठी चॅनेल तिथे मिळतील या आशेवर राहू नका. त्यांचं उत्पन्न महिन्याच्या वर्गणीतून येतं, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर जे चॅनेल फ्री डिशवर फुकट दिसतं ते केबल-डीटीएचवरही मोफतच जाहीर करावं लागतं. दोन्हीकडून फायदा घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली. सह्याद्री, बातम्या आणि काही मनोरंजनाची मराठी-हिंदी चॅनेल मिळतात. खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे १ एप्रिलच्या आसपास यादी बदलते. घेण्याआधी शेजारच्या कोणाच्या तरी घरी आजची यादी प्रत्यक्ष बघा. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर निम्मी-अर्धी यादी उघडतच नाही आणि माणूस छत्री हलवत बसतो.

जुनी छत्री, म्हणजे ताटली आणि खांब, चालेल. वाकलेली किंवा गंजून भोकं पडलेली नसली की झालं. दिशा मात्र बदलावी लागेल. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूर परिसरातून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १२९-१३० अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे आपल्याकडून अधिक दक्षिणेला (सुमारे १५२ अंश) आणि जास्त उंच. एअरटेलचा १०८.२ वर, म्हणजे अधिक पूर्वेला (सुमारे ११३ अंश) आणि खाली, ४७ अंशांच्या आसपास. यावरून छत्री कुठे फिरवायची याचा अंदाज येईल. छत्री ६० अंश वर बघताना दिसत नाही म्हणून घाबरू नका. ऑफसेट ताटलीत एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षात बरीच उभी दिसते. आग्नेयेला नारळ, आंबा किंवा शेजारचा पत्रा आडवा येतो का ते आधी बघा. झाड मे महिन्यात आड येत नाही आणि जुलैत पानं-फांद्या वाढून येतं. बॉक्स मात्र कंपनीचा असेल तर फ्री डिशला चालणार नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीलाही चालत नाही.

आता पाऊस. डीटीएच आणि फ्री डिश दोन्ही केयू बँडवर चालतात. या लहरी दाट पावसात शोषल्या जातात आणि विखुरतात. गगनबावड्याच्या पावसात धुवांधार सर आली की दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणार, हे धरूनच चला. तो काळ कमी करण्याचे उपाय आहेत. साठ सेंटिमीटरच्या ताटलीऐवजी ९० सेंटिमीटरची घ्या, जास्त सिग्नल गोळा होतो आणि पावसात थोडा घसरला तरी पुरतो. जोडणी पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी करा. 'क्वालिटी'चा आकडा पुरेसा दिसला की थांबू नका, सर्वांत जास्त येईपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटर हलवा. एलएनबीही जागच्या जागी थोडा फिरवून बघा. वायर आरजी-६ ची, मध्ये जोड नको, तीस मीटरच्या आत. एलएनबीजवळच्या जोडणीवर रबराची सीलिंग टेप, आणि वायर खाली लोंबून मग वर घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून घरंगळत जोडणीत जात नाही.

चित्र मुसळधार पावसातच जात असेल तर तो निसर्ग. रिमझिम पावसात किंवा पाऊस थांबल्यावरही तासभर जात असेल तर जोडणीत पाणी शिरलं आहे किंवा छत्री वाऱ्याने हलली आहे.

प्रश्न : फुटबॉलचा मोसम आला की पेठेत सगळे आमच्या घरी जमतात. वर्षभर स्पोर्ट्स चॅनेलचे पैसे भरणं जिवावर येतं. फक्त स्पर्धेपुरतं चॅनेल घेता येतं का? (वाचक, शिवाजी पेठ)

येतं, आणि स्पोर्ट्स चॅनेल हे सुटं घेण्याचं सगळ्यात योग्य उदाहरण आहे. पण चार गोष्टी आधी बघा. स्पर्धेचे हक्क या वेळी कुणाकडे आहेत ते आधी तपासा; हक्क दर काही वर्षांनी बदलतात, गेल्या वेळचं चॅनेल घेऊन बसाल. हक्क असलेल्या समूहाची चार-पाच स्पोर्ट्स चॅनेल असतात. सामना त्यातल्या नेमक्या कोणत्या चॅनेलवर आणि कोणत्या भाषेत, ते वेळापत्रकात बघा. एकाच सामन्याचं हिंदी, इंग्रजी, तमिळ समालोचन वेगवेगळ्या चॅनेलवर असतं, त्यातलं एक पुरतं. तिसरं, कमीत कमी किती दिवस ठेवावं लागेल ते विचारा. डीटीएचवर बहुधा रोजच्या रोज पैसे कापले जातात, तरी काही कंपन्या किमान मुदत ठेवतात. केबलवर तीस दिवसांचं चक्र संपेपर्यंत बदल होत नाही असंही आढळतं. चौथं, चॅनेल स्पर्धेच्या आदल्या दिवशी घ्या, सामन्याच्या संध्याकाळी नको. त्या वेळी सर्व्हरवर गर्दी असते, पैसे कापले जातात आणि चॅनेल उघडत नाही. पैसे भरूनही उघडलं नाही तर बॉक्स बंद न करता तेच चॅनेल लावून दहा मिनिटं ठेवा आणि अ‍ॅपमधून किंवा मिस्ड कॉल देऊन रिफ्रेश मागा. परवानगीचा संदेश चालू बॉक्सलाच मिळतो.

स्पर्धा संपल्यावर चॅनेल काढण्याची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. न विसरता काढणारे फार थोडे.

क्रिकेटवाल्यांसाठी एक जोड. भारताचे काही महत्त्वाचे सामने खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात, असा २००७ चा कायदा आहे. तरी तुमच्या केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर तेव्हा दुसरंच काहीतरी चालू असतं. कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रसारणापुरतं आणि फ्री डिशपुरतंच राहील. चॅनेल तुमच्याकडे आहे, सामना मात्र फ्री डिशवाल्याकडे. केबलवाल्याशी भांडू नका, त्याच्या हातात नाही ते.

प्रश्न : आमच्या घरी आई कन्नड मालिका बघते, बाकी सगळे मराठी. महाराष्ट्राच्या पॅकमध्ये कन्नड नाही, कर्नाटकाच्या पॅकमध्ये मराठी नाही. दोन्ही पॅक घ्यायचे का? (वाचक, गडहिंग्लज)

मुळीच नको. दोन पॅक घेतले तर हिंदी सिनेमा, कार्टून, स्पोर्ट्स अशी समान चॅनेल दोन्हीकडे असतात. मराठी बाजू पॅकची ठेवा आणि आईची दोन-तीन कन्नड चॅनेल सुटी घ्या. तीही एकाच समूहाची असतील तर त्या समूहाचा छोटा कन्नड पॅक आहे का ते विचारा. दूरदर्शनची चंदना ही कन्नड वाहिनी मोफत आहे, ती चालू आहे का ते आधी बघा.

अडचण केबलवर येऊ शकते. केबलच्या जाळ्यात जागा मर्यादित असते आणि एखादं कन्नड चॅनेल तुमच्या एमएसओने घेतलंच नसेल तर सुटंही मिळणार नाही. डीटीएचचा उपग्रह सगळ्या देशाला तीच चॅनेल पाठवतो. त्यामुळे सीमाभागातल्या दोन भाषांच्या घरांना डीटीएच सोयीचं पडतं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : वर दुसरा टीव्ही बसवलाय. दुसऱ्या बॉक्सचंही पूर्ण बिल सांगताहेत. (वाचक, शाहूपुरी)

दोन खर्च वेगळे करा. एनसीएफ आणि चॅनेल. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीत एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीची एनसीएफ पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच घेता येईल असं ठरलं होतं, म्हणजे १३० वर ५२ रुपये. २०२४ मध्ये एनसीएफच्या मर्यादाच काढल्या, त्यामुळे आता कंपनीने जाहीर केलेला दर लागू. तरी दोन्ही बॉक्स एकाच नावावर, एकाच पत्त्यावर नोंदवलेत का ते नक्की बघा. पुष्कळदा दुसरा बॉक्स नव्या ग्राहकाच्या नावाने चढवलेला असतो आणि मग कुठलीच सवलत लागत नाही.

चॅनेलचे पैसे प्रत्येक बॉक्सला वेगळे. पण वरच्या टीव्हीवर तीच चॅनेल घ्यायची सक्ती नाही, त्या बॉक्सची यादी वेगळी ठेवता येते. खाली मालिकांचा पॅक आणि वर नुसती मोफत चॅनेल व एक कार्टून, असं केलं की दुसऱ्या टीव्हीचं ओझं बरंच उतरतं.

दुसरा बॉक्स न घेता एचडीएमआय स्प्लिटर लावून दोन्ही टीव्ही चालवणारे आहेत. चालतं, पण दोन्हीकडे एकच चॅनेल दिसतं आणि साधी एचडीएमआय वायर दहा मीटरपुढे दगा देते. दोन टीव्हींवर दोन कार्यक्रम हवे असतील तर दोन बॉक्स लागणारच.

प्रश्न : एकच चॅनेल आमच्या बिलात दोनदा दिसतं. (वाचक, मंगळवार पेठ)

एक साधं आणि एक एचडी असणार. दोन्हींची किंमत स्वतंत्र लागते. एकाच पॅकमध्ये एकाच चॅनेलची दोन्ही रूपं घालायला मनाई आहे, पण एचडी पॅक आणि शिवाय साधं सुटं घेतलं तर दोन्हींचे पैसे जातात. साधं काढून टाका. टीव्ही जुना असेल किंवा बॉक्स एचडीचा नसेल तर एचडी काढा.

प्रश्न : पॅक तोच, पैसे भरलेले, आणि एक चॅनेल अचानक दिसेना. (वाचक, जयसिंगपूर)

स्क्रीनवर काय लिहून येतं ते बघा. 'सिग्नल नाही' आणि बाकी चॅनेलही अडखळत असतील तर वायर किंवा छत्री. 'तुम्ही या चॅनेलचे ग्राहक नाही' अशा अर्थाचा संदेश असेल तर ते चॅनेल पॅकमधून गेलं आहे. चॅनेलचा नंबरच सापडत नसेल तर नंबर बदललाय, बॉक्स पुन्हा ट्यून करा.

पॅकमधून चॅनेल जाण्याची कारणं ठरलेली. चॅनेल कंपनी पॅकची जुळवणी किंवा किंमत बदलते आणि जुना पॅक बंद होऊन नवा येतो. क्वचित चॅनेल कंपनी आणि केबल कंपनी यांच्यात दरावरून बिनसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न झाल्याने देशातल्या अनेक केबल कंपन्यांवर मोठ्या समूहांची चॅनेल काही दिवस बंद होती. डीटीएचवर ती चालू होती. अशा वेळी गेलेल्या चॅनेलचे पैसे बिलातून कमी झाले का, ते पुढच्या रिचार्जला बघा. कमी झाले नसतील तर तक्रार क्रमांक घ्या.

आणि हा पॅक तुम्ही स्वतः निवडला होता का, तेही एकदा आठवून बघा. २०१९ मध्ये ज्यांनी निवड कळवली नाही, त्यांना कंपन्यांनी आपणहून एका 'योग्य' पॅकवर टाकलं होतं. बऱ्याच घरांत अजून त्याच पॅकचे वारस चालू आहेत.

प्रश्न : विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहतो. टीव्ही नको, मोबाइलवर अ‍ॅप घेतलं तर सगळी मराठी चॅनेल मिळतील का? (विद्यार्थी)

एका अ‍ॅपवर नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. तीनही घेतलीत तर केबल स्वस्त पडू शकते. ट्रायचे दराचे नियम अ‍ॅपना लागू नाहीत. १९ रुपयांची अट नाही, सुटं चॅनेल मागण्याचा हक्क नाही. फक्त मोबाइलसाठीचा स्वस्त प्लॅन घेतलात तर तो टीव्हीवर चालणार नाही. डेटाही मोजा. एचडी दर्जात तासाला साधारण दीड ते तीन जीबी जातो, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये एक मालिका आणि बातम्या झाल्या की संपलं. खोलीत वायफाय असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : एप्रिल-मे आम्ही मुलाकडे पुण्याला असतो. तेवढे दिवस पैसे थांबवता येतात का? (ज्येष्ठ नागरिक, नागाळा पार्क)

येतात. जाण्याआधी कंपनीला लेखी किंवा अ‍ॅपवरून कळवून जोडणी तात्पुरती थांबवा. किमान किती दिवस थांबवता येते आणि परत चालू करायला काही आकार लागतो का, हे आधीच विचारून घ्या. दोन्ही कंपनीनुसार वेगळं असतं. नुसता रिचार्ज संपू देणं हा सोपा मार्ग वाटतो, पण बॉक्स भाड्याचा असेल तर भाडं चढत राहतं. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा रिचार्ज एकदम भरणार असाल तर आधी हे ठरवा, कारण मधले दोन महिने पुढे ढकलून मिळतील का हे त्या योजनेच्या अटींवर अवलंबून असतं. निघताना बॉक्स आणि छत्रीची वायर काढून ठेवा, वळवाच्या विजा त्याच दिवसांत पडतात.